गाडी उघडता येते का?

आपल्याकडे गाडी घ्यायला गेलेला माणूस तीन प्रश्न हमखास विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देते? हप्ता किती बसेल? आणि पुढे विकायला काढली तर किंमत किती येईल? तिन्ही प्रश्न शहाणपणाचे आहेत. माझ्या मते चौथाही एक विचारायला हवा, पण शोरूममध्ये तो विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. ही गाडी बिघडली तर माझ्या गल्लीतला माणूस ती उघडू शकेल का?

हौशी माणसाच्या डोक्यातला किडा आहे हा, असं कुणी म्हणेल. मला मोटारसायकलची हौस आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पन्नाशी ओलांडल्यावर मागचा हिशोब मांडतो तेव्हा दिसतं की घरातल्या गाड्या बदलल्या, छापखान्यातली यंत्रं बदलली, आमचा धंदा बदलला, आणि प्रत्येक वेळी आम्ही तरलो की बुडालो हे बरंचसं एकाच गोष्टीवर ठरलं. नवीन आलेली वस्तू आम्हाला उघडून समजून घेता आली का? म्हणून हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. तो पोटापर्यंत जातो.

अब्बा मिरजेत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्याकडे जुनी घेतलेली येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१पासून जावा आणि १९७३पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या, त्यातली एक. किकचा दांडाच फिरवून पुढे घेतला की त्याचा गिअरचा दांडा व्हायचा. नवख्या माणसाला ही गंमत समजायची नाही, त्यामुळे गाडीला कुलूप नसलं तरी चालायचं असं अब्बा म्हणत. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, आणि त्या ऑइलची काजळी सायलेन्सरमध्ये साचायची. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी अंगणात पोतं पसरून अब्बा सायलेन्सर खोलायचे. माझं काम एवढंच, की निघालेला प्रत्येक भाग धुऊन, पुसून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडायचा. ज्या क्रमाने निघालं त्याच्या उलट्या क्रमाने आत जाईल, हा त्यांचा एकच नियम. आयुष्यभर खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचणाऱ्या माणसाला उलटा क्रम काही अवघड नव्हता. माझं यंत्रशिक्षण इतकंच, आणि ते मला आजवर पुरलं.

१९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. अब्बांना त्यातलं ‘विसरून जा’ रुचलं नाही. गाडी विसरायची कशी, असं ते विचारायचे. पण फोर-स्ट्रोक इंजिनाच्या अ‍ॅव्हरेजपुढे कुणाचं काही चाललं नाही आणि पुढच्या दहा वर्षांत गल्लीतल्या येझदी, राजदूत एकेक करून भंगारात गेल्या. तरी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. त्या बदलात गॅरेजवाला मेला नाही. जपानी तंत्राची गाडी आली, त्याने ती एकदा खोलली, दुसऱ्यांदा खोलली, आणि तिसऱ्यांदा त्याला ती पाठ झाली. पाने तेच, पक्कड तीच, हात तेच.

मी २००१ साली जुनी बुलेट घेतली. ओतीव लोखंडाच्या इंजिनाची, १९८७चं मॉडेल, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. ती चालू करणं हा एक छोटा अभ्यासक्रम होता. किक हळू दाबत न्यायची, अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मध्यावर येतो का ते बघायचं, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, आणि मग पूर्ण अंगाचा भार देऊन किक मारायची. घाई केली तर किक उलटी येऊन घोट्याला लागायची. पण काटा बघायला शिकलात की इंजिनात पिस्टन कुठे आहे हे डोळ्यांना न दिसताही कळायचं. मिरजेहून कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट उतरून रत्नागिरीला मी तिच्यावर कितीतरी वेळा गेलो. घाटात ती बंद पडायची, नाही असं नाही. पण बंद पडली की कारणं तीनच : पेट्रोल येत नाही, ठिणगी पडत नाही किंवा हवा बिनसली आहे. प्लग काढून बघायचा. काळा असेल तर एक अर्थ, ओला असेल तर दुसरा, कोरडा असेल तर तिसरा. पावसात छत्री धरून कुणी मदतीला थांबलं तर त्यालाही समजावून सांगता यायचं की नेमकं काय झालंय.

या हौसेने मला जे दिलं ते वेगाने किंवा प्रवासाने दिलं नाही. बिघाडाला कारण असतं, ते शोधता येतं, आणि शोधताना चिडून चालत नाही, ही सवय लागली. ती घरात उपयोगी पडली, धंद्यात पडली, आजारपणात पडली.

आजारपणाचं थोडं सांगतो, कारण छंदाबद्दल लिहिताना लोक हा भाग गाळतात. अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची साडेतीन वर्षं ते अंथरुणावर होते. त्या काळात माझ्या लांबच्या फेऱ्या थांबल्या. रात्री-अपरात्री कूस बदलायला हाक यायची, त्यामुळे एक दिवसही बाहेर राहता येत नव्हतं. आयुष्य बदलतं तेव्हा सगळ्यात आधी छंदावर कात्री चालते. लग्न झालं की थोडी, मुलं झाली की आणखी, आईवडील थकले की उरलीसुरली. मी बुलेट विकावी असं चार जणांनी सुचवलं आणि त्यांचा हिशोब व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होता. मी ती विकली नाही. चालवता येत नव्हती, पण खोलता येत होती. संध्याकाळी पडवीत बसायचं, खिडकीतून अब्बांची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आणि एकेक भाग काढून साफ करायचा. वर्षभरात मी पूर्ण इंजिन उतरवून पुन्हा चढवलं. अब्बांना बोलता येत नव्हतं, पण पलंग खिडकीशी सरकवला होता, आणि मी एखादा भाग चुकीच्या क्रमाने मांडला की ते डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करायचे. उघडता येणारी वस्तू घरात असण्याचा हा फायदा मी कुठल्या जाहिरातीत वाचलेला नाही.

ज्यांच्याकडून मी बाकीचं शिकलो ते आमच्या मोहल्ल्यातले एक गॅरेजवाले. त्यांचं नाव इथे देत नाही, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात तसंच मीही म्हणतो. पत्र्याची शेड, समोर दोन बाकडी, एक फाटका सीट, आणि ‘दस-बारा का पाना ला’ म्हटलं की धावणारी दोन पोरं. तुमच्याही गावात अशी शेड असणार आणि तिथल्या माणसाचं नाव बहुतेक आमच्यापैकी कुणाचं तरी असणार. यात योगायोग नाही. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे, आणि ज्या मोजक्या कामांत ते एकवटले आहेत त्यांत वाहनदुरुस्तीही येते. दहावीच्या आत शाळा सुटलेल्या पोराला हातात पाना घेऊन उभं राहता येईल अशी ही जागा होती. तिथे प्रमाणपत्र विचारत नव्हते, फीही लागत नव्हती. दोन वर्षं हात काळे केले की पोरगं मिळवतं व्हायचं. ही व्यवस्था आदर्श होती असं मी म्हणणार नाही. पोरांनी शाळेत असायला हवं होतं. पण ज्यांची शाळा सुटलीच त्यांच्यासाठी दुसरं दार फारसं उघडं नव्हतं.

आता त्या दाराकडे बघा. १ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि दुचाकींमधला कार्ब्युरेटर जवळपास इतिहासजमा झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. किती हवा आत येते, इंजिन किती तापलंय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सेन्सर मोजतात आणि एक छोटा संगणक पेट्रोल किती फवारायचं ते ठरवतो. बिघाड झाला तर मीटरमध्ये पिवळी बत्ती लागते. बत्तीमागे एक कोड असतो आणि तो वाचायला कंपनीचं यंत्र लागतं.

मी २०२१ साली रोजच्या वापराला अशी एक गाडी घेतली. दीड वर्षाने तिची बत्ती लागायला लागली आणि गाडी मध्येच गचके देऊन बंद पडायची. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टेम्पोत घालून न्यावी लागली. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला, एक सेन्सर गेलाय म्हणाला, तो बदलला, बिल दिलं. तीन आठवड्यांनी बत्ती पुन्हा लागली. पुन्हा टेम्पो, पुन्हा लॅपटॉप, पुन्हा तोच कोड. या वेळी सांगितलं की आतला संगणकच बदलावा लागेल, आणि जी किंमत सांगितली त्यात मला जुनी येझदी मिळाली असती. नेमकं काय झालंय, असं मी विचारलं. ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे काका,’ एवढंच उत्तर आलं. त्या मुलाचा यात दोष नाही. त्याला लॅपटॉपने जे दाखवलं तेच तो सांगत होता. गाडी उघडून बघायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

गाडी मी उस्तादांकडे नेली. त्यांनी हात लावायला नकार दिला. ‘पहले गाडी बोलती थी भाई, अब खाली बत्ती दिखाती,’ असं म्हणाले. चाळीस वर्षं आवाजावरून टॅपेटचं अंतर ओळखणारा माणूस पिवळ्या बत्तीपुढे हात बांधून उभा होता. त्यांच्याकडे महिन्याला येणाऱ्या गाड्या कमी झाल्यात. जुनी मॉडेलं आहेत तोवर काम आहे, पुढचं ठाऊक नाही. त्यांचा मुलगा शेडमध्ये बसत नाही, तो दुचाकीवरून जेवणाची पार्सलं पोहोचवतो. बापाने गाडी दुरुस्त करायची आणि मुलाने ती फक्त चालवायची, एका पिढीत एवढा फरक पडला.

शेवटी ती गाडी बरी कशी झाली ते सांगतो. माझी लेक इंजिनिअरिंगला आहे. तिने कोड वाचणारा एक छोटा डोंगल आणि त्याला लागणारी जोडणीची वायर मागवली, मोबाइलला जोडली आणि कोड वाचला. कोड सांगत होता की सेन्सरकडून संदेश येत नाही. सेन्सर तर नवाच होता. हे ती उस्तादांना सांगत असताना त्यांनी विचारलं की संदेश येतो कशातून? वायरीतून, असं ती म्हणाली. झालं. त्यांनी टाकी उतरवली, हँडलच्या मानेजवळ वायरींचा जुडगा उघडला, आणि हँडल वळताना घासून घासून एका वायरीचं आवरण गेलेलं दाखवलं. हँडल डावीकडे वळलं की आतली तार सुटायची, सरळ झालं की जुळायची. चार इंच नवी वायर, थोडं डाख, आवरणाची नळी. बत्ती गेली ती पुन्हा लागली नाही. लेकीला कोड वाचता येत होता, पण वायर कुठे घासते हे तिला ठाऊक नव्हतं. उस्तादांना वायर कुठे घासते हे ठाऊक होतं, पण कोड वाचता येत नव्हता. दोघांच्या मध्ये फार मोठी दरी नव्हती, काही हजारांचं एक उपकरण आणि अर्ध्या तासाचं बोलणं एवढीच होती.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हा जुन्या गाड्यांसाठी उसासे टाकणारा माणूस आहे. तसं नाही. टू-स्ट्रोक गाड्यांच्या निळ्या धुराने नव्वदच्या दशकात पुण्यातल्या चौकात डोळे चुरचुरायचे, ते मी विसरलेलो नाही. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं झालं आणि पावसाळी रस्त्यावर करकचून ब्रेक मारणाऱ्या कितीतरी पोरांची हाडं त्याने वाचवली असतील. २०२३ साली आम्ही घरात इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, कारण माझ्या बायकोला ती हवी होती. चेतकच्या काळात स्कूटर तिरकी करून, मग किक मारून चालू करावी लागायची आणि ते काम पुरुषाचं समजलं जायचं. आज पन्नाशीला आलेली ती स्वतः बाजारात जाते, माहेरी जाते, कुणाला विचारावं लागत नाही. तिला मी कार्ब्युरेटरचं कौतुक सांगायला लागलो तर ती हसते, आणि तिचं हसणं रास्त आहे.

तेव्हा भांडण नव्याशी नाही. माझा मुद्दा असा की नवी वस्तूही उघडी ठेवता येते, आणि याचा पुरावा मी रोज ज्या भाषेत लिहितो तिच्यातच आहे.

१९९४ साली मी डीटीपी शिकलो. अब्बांच्या छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या अडगळीत गेल्या आणि त्यांच्या जागी संगणक आला. बापाचं कसब ज्या यंत्राने संपवलं त्याच यंत्रावर मुलगा नोकरीला लागला. आमच्या घरात यावर कुणी फार बोललं नाही. अब्बांनी मुद्रितं तपासायचं काम घेतलं, कारण खिळा गेला तरी चूक पकडणारा डोळा शाबूत होता. मी मात्र दुसऱ्याच अडचणीत सापडलो. तेव्हाचं मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, आयएसएम अशी वेगवेगळी सॉफ्टवेअरं आणि त्यांचे वेगवेगळे फाँट. एका फाँटात केलेलं काम तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मजकूर माझा, भाषा माझी, पण तो वाचायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी मराठी मासिकांच्या, पुस्तकांच्या फाइली आज अशाच कुलूपबंद पडून असतील.

मग युनिकोड आलं. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, आणि तो कुणाही एका कंपनीच्या मालकीचा नाही. देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून होती. विंडोज २०००मध्ये ती सर्वसामान्यांच्या संगणकावर आली आणि पुढे मोबाइलमध्ये. आज सांगलीतल्या पोराने लिहिलेलं मराठी सॅन फ्रान्सिस्कोत जसंच्या तसं उघडतं ते त्यामुळे. युनिकोड काही जुनं तंत्रज्ञान नाही, खिळ्यांहून कितीतरी पटीने गुंतागुंतीचं आहे. पण ते सगळ्यांसाठी उघडं आहे. संगणकाच्या जगात हे करता आलं, तर मोटारसायकलच्या कोडबाबत का करता येऊ नये?

आमच्या मिरजेत याचं आणखी जुनं उदाहरण आहे. इथले सितार-तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी, कट्यारी यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम संपलं आणि त्या घराण्यांनी भोपळा, लाकूड आणि तार हातात घेतली. मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. धातूचा बारीक अंदाज असलेला हात दुसऱ्या वस्तूवर बसला. पण तंबोरा त्यांना खोलून, जुळवून बघता आला म्हणून हे घडलं. तो सीलबंद पेटीत आला असता, तर शिकलगारांची पोरं हमाली करत राहिली असती.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी अडाण्याने उघडली तर आग लागू शकते, इंजिनाच्या संगणकाशी खेळ केला तर प्रदूषण वाढतं, असं त्या सांगतात. दोन्ही खरं आहे. पण घरातली वीजही जीव घेते. म्हणून आपण घराची वायरिंग फक्त कंपनीच्या माणसाने करावी असा नियम केला नाही. वायरमनला शिकवलं, परवाना दिला आणि काम करू दिलं. धोका आहे तिथे प्रशिक्षण द्यावं. कुलूप लावून धोका कमी होत नाही, फक्त बिल वाढतं.

सरकारच्या कानावर हे गेलेलं नाही असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच वाहनांच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही द्यावी असा कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ साली घरगुती उपकरणांसारख्या वस्तूंसाठी दुरुस्तीचा हक्क मान्य केला. आपल्याकडे पोर्टल आहे, पण पोर्टलवर कंपनीचा फोन नंबर आणि वॉरंटीची माहिती मिळाल्याने उस्तादांची शेड चालणार नाही. कोड वाचणारं उपकरण परवडणाऱ्या किमतीत मिळायला हवं. प्रत्येक कोडचा अर्थ आणि वायरिंगचा नकाशा मराठीत, हिंदीत, उर्दूत छापलेला हवा. सुटे भाग काउंटरवर कुणालाही मिळायला हवेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा ट्रेड सुरू झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण पन्नाशीचा, सातवी शिकलेला कारागीर तिथे दोन वर्षं कसा बसेल? त्याच्यासाठी संध्याकाळचा तीन महिन्यांचा वर्ग लागेल, त्याच्याच मोहल्ल्यात. आमच्या जमातींनी, तरुण मंडळांनी, मशिदींच्या ट्रस्टनी शादीखान्याला आणखी एक मजला चढवण्याआधी असा वर्ग काढायचा विचार करावा. एक डोंगल, एक जुना लॅपटॉप, शिकवायला इंजिनिअरिंगची दोन मुलं. याला मंत्र्याची परवानगी लागत नाही.

आणि तुम्ही-आम्ही काय करायचं? पुढची गाडी घेताना तो चौथा प्रश्न विचारा. विकणारा गोंधळेल, पण दहा जणांनी विचारला की अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवेल. वॉरंटी संपली की गाडी एकदा तरी गल्लीतल्या माणसाकडे न्या, आणि तो काम करत असताना मोबाइल बघत बसण्यापेक्षा काय करतोय ते विचारा. घरातल्या मुलाला आणि मुलीला एक तरी वस्तू खोलू द्या : जुना रेडिओ, पंखा, सायकल, काहीही. बिघडली तर बिघडली.

माझी कंबर आता बुलेटची किक सहन करत नाही. आंबा घाट वर्षातून एकदा होतो, तोही मागे लेक बसलेली असली तर, किंवा खरं सांगायचं तर ती पुढे आणि मी मागे. पण अलीकडे शनिवारी संध्याकाळी ती उस्तादांच्या शेडमध्ये जाते आणि तिथल्या दोन पोरांना कोड वाचायला शिकवते. बदल्यात उस्ताद तिला आवाज ऐकायला शिकवतात. इंजिन चालू करून डोळे मिटायला लावतात आणि विचारतात, कुठून येतोय? परवा तिने बरोबर सांगितलं.